कारकर्जात डीलरने फसवल्याचा संशय आल्यास: कागद कुठून मिळवायचे आणि तक्रार कोणाकडे न्यायची

शोरूममध्ये कर्जावर गाडी घेताना एकाच टेबलावर दोन स्वतंत्र व्यवहार होत असतात. विक्रीचा व्यवहार ग्राहक आणि डीलर यांच्यात होतो, तर कर्जाचा करार ग्राहक आणि बँक किंवा वित्तसंस्था यांच्यात होतो. कर्जाच्या करारात डीलर पक्षकार नसतो. तो फार तर बँकेचा मध्यस्थ, त्या धंद्यातल्या भाषेत डीएसए, असतो आणि कर्ज जमवून दिल्याबद्दल त्याला बँकेकडून ‘पेआउट’ मिळतो. तरीही अर्ज त्याचाच माणूस भरतो, सह्याही तोच घेतो आणि कर्जाची रक्कम बहुधा थेट डीलरच्याच खात्यात जमा होते. बँकेने काय मंजूर केले आणि आपल्याला काय सांगितले गेले, यांतली तफावत ग्राहकाच्या लक्षात येते ती पहिला हप्ता कापला गेल्यावर. संशय आला की बहुतेक लोक शोरूम गाठून सेल्समनशी वाद घालतात. त्यातून हाती काही लागत नाही आणि समोरचा मात्र सावध होतो. आधी बँकेकडून कागद मिळवावेत, मग आकडे जुळवावेत आणि त्यानंतरच डीलरकडे जावे.

संशय कशाचा आहे, हे प्रथम निश्चित करावे. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे कोऱ्या अर्जावर सह्या घेऊन नंतर रक्कम किंवा मुदत वाढवणे. दुसऱ्या प्रकारात न मागितलेल्या गोष्टी कर्जाच्या रकमेत मिसळल्या जातात: कर्ज-संरक्षण विमा, वाढीव वॉरंटी, अॅक्सेसरीजचे पॅकेज, जीपीएस यंत्र. असे प्रकार छोट्या डीलरांपुरते मर्यादित नाहीत. वाहनकर्जाच्या ग्राहकांना दुसऱ्या कंपनीचे वित्तेतर उत्पादन विकण्याच्या प्रकरणात रिझर्व्ह बँकेने मे २०२१ मध्ये एचडीएफसी बँकेला १० कोटी रुपयांचा दंड केला होता. तिसरा प्रकार एक्स्चेंजचा. जुन्या गाडीचे उरलेले कर्ज आपण फेडू, असे सांगून डीलर गाडी ताब्यात घेतो आणि ते कर्ज फेडतच नाही. मालकाच्या नावावर दोन्ही कर्जांचे हप्ते सुरू राहतात. चौथा प्रकार सर्वांत गंभीर आहे. त्यात कर्ज वितरित होते, रक्कम डीलरकडे जाते, पण गाडी येत नाही किंवा तीच गाडी दुसऱ्याच्या नावावर नोंदलेली निघते.

व्याजदराबाबतची दिशाभूल याहून वेगळी असते आणि ती जुन्या गाड्यांच्या कर्जात जास्त दिसते. ‘फक्त ६ टक्के’ असे सांगितले जाते, पण तो दर फ्लॅट असतो, म्हणजे पाचही वर्षे मूळ रकमेवर आकारलेला. ५ लाख रुपयांवर ६ टक्के फ्लॅट दराने पाच वर्षांचे व्याज दीड लाख होते आणि हप्ता १०,८३३ रुपयांच्या आसपास बसतो. घटत्या शिलकीवर मोजल्यास हाच दर पावणेअकरा टक्क्यांच्या किंचित वर जातो. कागदावर खरा दर लिहिलेला असेल, तर ही फौजदारी फसवणूक आहे हे सिद्ध करणे अवघड जाते. अनुचित व्यापारी प्रथा म्हणून मात्र तक्रार करता येते.

पहिल्याच दिवशी करायच्या गोष्टी मोजक्या आहेत. घटनाक्रम तारीखवार लिहून काढावा: कोटेशन कधी मिळाले, बुकिंगची रक्कम कोणाला आणि कशी दिली, सह्या कुठे घेतल्या, ओटीपी कोणी आणि काय सांगून मागितला. सेल्समनबरोबरचे व्हॉट्सअॅप संभाषण पुसू नये, फोन बदलू नये आणि केवळ स्क्रीनशॉटवर विसंबू नये. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुरावा सादर करताना प्रमाणपत्र जोडावे लागते आणि मूळ उपकरण आपल्याजवळ असले की ते सोपे जाते. यापुढचा सगळा संवाद ईमेलवर किंवा पोच असलेल्या पत्राने करावा. ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ किंवा ‘माझी कोणतीही तक्रार नाही’ अशा मजकुराच्या कोणत्याही कागदावर सही करू नये. गाडीचा ताबा देताना असे कागद गठ्ठ्यात घालून पुढे केले जातात.

हप्ता थांबवू नये. डीलरने फसवले तर बँकेचा हप्ता का भरायचा, हा प्रश्न रास्त असला तरी हप्ता चुकवणे कर्जदारालाच महागात पडते. हप्त्याचे नॅच आदेश (खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची दिलेली परवानगी) पुरेशा शिलकीअभावी परत गेल्यास पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अॅक्ट, २००७ च्या कलम २५ खाली चेक न वटण्यासारखाच खटला होऊ शकतो. शिवाय क्रेडिट अहवाल बिघडतो आणि गाडी ओढून नेण्याची धमकी सुरू होते. त्यामुळे हप्ता भरत राहावा आणि त्याच वेळी ‘ही रक्कम मी माझे सर्व हक्क राखून, आक्षेपासह भरत आहे’ असे बँकेला लेखी कळवावे. गाडी मिळालेलीच नसेल, तर हप्त्यांना स्थगिती मागण्याचा योग्य मार्ग ग्राहक आयोगातून जातो, कारण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ खाली आयोगाला अंतरिम आदेश देता येतो.

आता कागदांकडे येऊ. बँकेच्या शाखेत आणि तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या ईमेलवर एकच पत्र पाठवावे. त्यातील मजकूर असा असू शकतो: ‘माझ्या वाहनकर्ज खात्यासंदर्भात पुढील कागदपत्रांच्या प्रती द्याव्यात: माझ्या सहीचा मूळ कर्ज अर्ज व त्यासोबत जोडलेली उत्पन्नाची कागदपत्रे; मंजुरीपत्र; की फॅक्ट्स स्टेटमेंट; करारनामा सर्व परिशिष्टांसह; डीलरने सादर केलेले कोटेशन अथवा प्रोफॉर्मा इन्व्हॉइस; मार्जिन मनीची (मी स्वतः भरलेल्या रकमेची) पावती; कर्जाची रक्कम कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, कोणत्या यूटीआर क्रमांकाने (बँक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक) पाठवली याचा तपशील; कर्जातून वळत्या केलेल्या प्रत्येक शुल्काची व विम्याची पावती; परतफेडीचा तक्ता व आजपर्यंतचा खातेउतारा; आणि ई-सही किंवा ओटीपीद्वारे संमती घेतली असल्यास तिची वेळ व मोबाइल क्रमांक यांची नोंद.’ शाखेतला कारकून ‘हे सगळे मिळत नाही’ असे म्हणण्याची शक्यता असते. कराराची प्रत परिशिष्टांसह कर्जदाराला देणे हे रिझर्व्ह बँकेच्या न्याय्य आचारसंहितेनुसार कर्ज देणाऱ्या संस्थेचे कर्तव्य आहे, एवढे पत्रात नमूद करावे. काही कागद नाकारले, तर तो नकारही लेखी घ्यावा. पुढे तोच उपयोगी पडतो.

या यादीतल्या की फॅक्ट्स स्टेटमेंटला, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी व खर्च सांगणाऱ्या विवरणाला (केएफएस), विशेष महत्त्व आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या सर्व नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी ते बंधनकारक आहे. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे लागते. व्याज आणि सर्व शुल्के धरून पडणारा खरा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, त्यात द्यावा लागतो आणि तिसऱ्या पक्षासाठी वसूल केलेल्या विम्यासारख्या रकमाही त्या दरात धराव्या लागतात. केएफएसमध्ये नसलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय आकारता येत नाही. शिवाय सात दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जात विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळायला हवेत. केएफएस दिलेच नसेल किंवा सगळ्या सह्या झाल्यावर दिले असेल, तर डीलरचा अपराध सिद्ध होण्याची वाट न पाहता थेट बँकेविरुद्ध तक्रार उभी राहते. बहुतेक लोक या मुद्द्याकडे दुर्लक्ष करतात, तो मात्र सर्वांत भक्कम असतो.

बँकेच्या उत्तराची वाट पाहत असताना सरकारी नोंदी तपासून घ्याव्यात. परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन अॅपवर गाडीचा क्रमांक टाकून मालकाचे नाव, चासी क्रमांकाचे शेवटचे अंक आणि कर्जाचा बोजा कोणत्या संस्थेच्या नावे आहे, हे पाहावे. चासी क्रमांक गाडीवरच्या कोरीव क्रमांकाशी आणि विमा पॉलिसीशी ताडावा. नव्या गाडीचा ताबा नंबरप्लेट लावल्याशिवाय देण्याची मुभा मोटार वाहन कायद्यात नाही. त्यामुळे ‘नंबर आठवड्याने येईल, गाडी आजच घेऊन जा’ असे झाले असेल, तर आरटीओकडे तक्रारीचा तोही एक मुद्दा होतो. विमा पॉलिसीचा क्रमांक कागदावरच्या फोनवर न पडताळता विमा कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर पडताळावा. गाडीची किंमत १० लाख रुपयांहून जास्त असेल, तर डीलरला एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने ग्राहकाकडून गोळा करायचा आयकर) गोळा करावा लागतो आणि तो ग्राहकाच्या आयकराच्या फॉर्म २६एएसमध्ये दिसतो. डीलरने शासनाला सांगितलेली किंमत तिथून कळते. चारही कंपन्यांचा क्रेडिट अहवाल, म्हणजे सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क यांचा, वर्षातून एकदा मोफत मिळतो. आपल्या नावावर आणखी एखादे कर्ज उभे आहे का, हे त्यावरून समजते.

कागद हाती आले की खरे काम सुरू होते. उदाहरणादाखल एक हिशेब पाहू. ग्राहकाला ऑन-रोड किंमत ९,८०,००० रुपये सांगितली. त्याने १,८०,००० रुपये स्वतः भरले आणि ८,००,००० रुपयांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घ्यायचे ठरले. हप्ता १६,८०२ रुपये यायला हवा होता, प्रत्यक्षात कापला गेला १८,०६२. खातेउताऱ्यात कर्ज ८,६०,००० रुपयांचे निघाले. वितरणाच्या तपशिलात डीलरला ८,४०,००० रुपये गेल्याचे आणि २०,००० रुपये प्रोसेसिंग फी व कर्ज-संरक्षण विम्यापोटी वळते केल्याचे दिसले. म्हणजे डीलरच्या हाती १०,२०,००० रुपये पडले, किमतीपेक्षा ४०,००० जास्त. आता बँकेच्या फाइलमधले कोटेशन पाहावे. त्यात ऑन-रोड किंमत १०,७५,००० रुपये आणि मार्जिन मनीची पावती २,१५,००० रुपयांची आहे. किमतीच्या ८० टक्केच कर्ज देण्याचा बँकेचा नियम असेल, तर ८,६०,००० रुपयांच्या कर्जासाठी नेमकी एवढीच किंमत दाखवावी लागते. ग्राहकाने मात्र २,१५,००० कधी भरलेच नाहीत. त्याच्या बँकखात्यातून १,८०,००० गेल्याचा पुरावा आहे. इथे प्रकरण भाव वाढवण्याच्या पलीकडे जाते, कारण बँकेपुढे खोटी पावती सादर झालेली आहे. वाढीव ६०,००० रुपयांसाठी ग्राहक दरमहा १,२६० रुपये जास्त, म्हणजे पाच वर्षांत ७५,६०० रुपये भरणार असतो.

म्हणून कोटेशन दोन ठिकाणांहून मिळवावे: डीलरने आपल्याला दिलेले आणि त्याने बँकेला दिलेले. दोन्ही एकाच तारखेची, पण वेगवेगळ्या आकड्यांची असली, तर पुढच्या प्रत्येक दारात तेच दोन कागद सर्वांत वर ठेवावेत.

एका बाबतीत मात्र थांबून विचार करावा. उत्पन्न कमी असलेल्या ग्राहकाला ‘आयटीआरचे आम्ही बघतो’ असे सांगून डीलरकडचा एजंट फुगवलेली विवरणपत्रे किंवा बनावट पगारपत्रके जोडतो. ग्राहकाच्या नकळत हे झाले असेल, तर त्याने ते तातडीने आणि स्वतःहून बँकेला लेखी कळवावे. त्याला कल्पना असताना झाले असेल, तर कोठेही तक्रार देण्यापूर्वी वकिलाशी बोलावे, कारण त्या अर्जावर सही त्याची आहे आणि तपास सुरू झाल्यावर पहिला प्रश्न त्यालाच विचारला जाईल.

हिशेब तयार झाल्यावर लेखी तक्रार एकाच दिवशी तिघांना पाठवावी: डीलरशिपच्या व्यवस्थापकाला, कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक विभागाला. कंपनीकडून पैसे परत मिळतील, अशी फार आशा धरू नये. कंपनी व डीलर यांचे नाते समान पातळीवरील दोन व्यापाऱ्यांचे आहे, असा बचाव कंपन्या घेतात आणि डीलरने परस्पर उकळलेल्या रकमेच्या बाबतीत तो पुष्कळदा टिकतो. पण कंपनीकडून आलेला एक फोन डीलरला हलवतो, म्हणून तिला प्रत द्यावी. बँकेची गोष्ट वेगळी आहे. आपल्या एजंटांच्या कृतीची जबाबदारी बँकेला झटकता येत नाही, ही रिझर्व्ह बँकेची जुनी भूमिका आहे. ‘डीलरने केले, आमचा संबंध नाही’ असे उत्तर आल्यास अर्ज कोणत्या डीएसए कोडवर नोंदला गेला, ते लेखी विचारावे.

तक्रारीत मागणी मोघम नसावी. ‘योग्य ती कारवाई करावी’ या वाक्यातून काहीच निष्पन्न होत नाही. जास्तीची रक्कम किती, ती कर्जखात्यात वळती करून हप्ता नव्याने कसा आकारावा आणि कोणती विमा पॉलिसी रद्द करून हवी, हे आकड्यांसह लिहावे. आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या पॉलिसीत कागद मिळाल्यापासून ३० दिवसांचा फ्री लूक कालावधी, म्हणजे पॉलिसी परत करण्याची मुभा, असतो. एक वर्षाहून कमी मुदतीच्या पॉलिसींना तो लागू नसतो. कर्ज-संरक्षण विमा त्यात बसत असेल, तर बँकेच्या उत्तराची वाट न पाहता विमा कंपनीला थेट कळवावे. मोटार विमा अमुकच कंपनीचा घेतला पाहिजे, असा आग्रह डीलरने धरला असेल, तर विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर वेगळी तक्रार करता येते.

कर्ज देणाऱ्या संस्थेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा असमाधानकारक उत्तर दिले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. सीएमएस या रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवरची ही तक्रार विनामूल्य असते, वकील लागत नाही आणि १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. ३० दिवस उलटल्यावर विलंब करू नये, कारण तिथेही कालमर्यादा आहे. लोकपाल बँकेला आदेश देऊ शकतो, डीलरला नाही. त्यामुळे तिथली तक्रार केएफएस, शुल्के, वितरण आणि कागद न देणे या मुद्द्यांपुरती बांधावी. तोच वाद न्यायालयात किंवा आयोगात प्रलंबित असल्यास लोकपाल तो ऐकत नाही, म्हणून क्रम ठरवूनच पाऊल टाकावे. कर्ज एखाद्या सहकारी पतसंस्थेचे असेल, तर मात्र लोकपालाचा उपयोग नाही. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात आणि दाद तालुका किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे मागावी लागते.

डीलर आणि बँक या दोघांनाही एकाच ठिकाणी उभे करायचे असेल, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या आयोगात तक्रार करता येते. साताऱ्याच्या ग्राहकाने पुण्यात गाडी घेतली असली तरी त्याला साताऱ्यात तक्रार दाखल करता येते. ग्राहकाने दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर प्रकरण जिल्हा आयोगात चालते. पाच लाखांपर्यंत फी नाही, पाच ते दहा लाखांसाठी २०० रुपये आहे. मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल करता येते आणि त्याआधी समेटाचा प्रयत्न करायचा असल्यास १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. कर्जाच्या करारात ‘सर्व वाद लवादाकडे, ठिकाण चेन्नई’ अशासारखे कलम हमखास असते. लवादाच्या कलमामुळे ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही लवादाची नोटीस आली, तर तिला उत्तर न देता ती बाजूला ठेवू नये.

तक्रार लिहिताना एक खबरदारी घ्यावी. आयोगासमोर कामकाज संक्षिप्त स्वरूपात चालते. सही खोटी आहे की खरी, यासारख्या गुंतागुंतीच्या पुराव्याचा प्रश्न आला की विरुद्ध पक्ष ‘हे दिवाणी न्यायालयाचे काम आहे’ असा आक्षेप घेतो. त्यामुळे आयोगासमोरची मांडणी सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा यांवर ठेवावी, आकड्यांचा तक्ता जोडावा आणि बनावट कागदांचा मुद्दा पोलिसांकडे न्यावा.

पोलिसांकडे केव्हा जावे? खोटी सही, खोटी पावती, गाडी न देता उचललेली रक्कम किंवा एक्स्चेंजच्या गाडीचे न फेडलेले कर्ज यांपैकी काही असेल, तर बँकेच्या ३० दिवसांची वाट पाहू नये. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात फसवणुकीसाठी कलम ३१८, विश्वासघातासाठी ३१६ आणि बनावट दस्तऐवजासाठी ३३६ हे कलम येते. ठाण्यात ‘हे दिवाणी स्वरूपाचे आहे’ असे ऐकायला मिळेल, याची तयारी ठेवावी. म्हणूनच अर्जात बाचाबाचीचे वर्णन कमी आणि दोन कोटेशन, पावती, यूटीआर क्रमांक यांचा उल्लेख जास्त असावा. अर्जाची शिक्का मारलेली पोच घ्यावी. तीन वर्षे किंवा त्याहून अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलिसांना प्राथमिक चौकशी करता येते, पण ती १४ दिवसांत पूर्ण करावी लागते. तक्रार नोंदवली नाही, तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज आणि त्यानंतर न्यायदंडाधिकारी, असा मार्ग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ व १७५ मध्ये आहे. त्याच डीलरने अनेकांना फसवले असेल, तर सर्वांनी मिळून आर्थिक गुन्हे शाखेकडे जावे. गुन्हा नोंदवल्याने पैसे आपोआप परत मिळत नाहीत, त्यामुळे आयोगातला अर्ज समांतर चालू ठेवावा लागतो.

गुन्हा नोंदवला जाण्याची चाहूल लागली की डीलर सहसा तडजोडीला तयार होतो. तडजोड करायला हरकत नाही, पण परतावा रोख घेऊ नये. रक्कम डीलरने थेट कर्जखात्यात भरावी किंवा बँक ट्रान्सफरने द्यावी. बँकेकडून सुधारित परतफेडीचा तक्ता घ्यावा. मिटवलेल्या कर्जाची नोंद क्रेडिट अहवालात चुकीची राहिली, तर क्रेडिट कंपनीकडे दुरुस्तीचा अर्ज करावा. ३० दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. एक्स्चेंजमध्ये दिलेल्या जुन्या गाडीचे कर्ज फिटल्यावर बँकेची एनओसी व फॉर्म ३५ देऊन आरटीओतला बोजा उतरवून घ्यावा, गाडी नव्या मालकाच्या नावावर झाली की नाही हे वाहन पोर्टलवर पाहावे आणि तोपर्यंत पोलिसांतला किंवा आयोगातला अर्ज मागे घेऊ नये.